कमलेशच्या मॅकला लावलेली केबल

कोंढ्याच्या मंडईच्या जत्रेत, भर गर्दीत, भिंतीएवढ्या पडद्यावर अश्विननं कमलेशचा सूड घेतला आणि तो सूड उलटून त्याच्याच गालावर बसला.

असं काही झालं नाही. मंडई शांततेत पार पडली. उत्सव मंडळानं दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तसं जाहीर केलं, खाली जोडलेल्या हातांची चित्रं टाकली आणि लगोलग ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच बोलता येईल अशी सोय करून टाकली. त्यामुळे पुढचं सगळं घडलेलं नाही हे धरून चालायचं.

अश्विनचं दुकान कोंढ्याच्या बसस्टँडसमोर. बिघडलेले कॉम्प्युटर, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन. रस्त्याच्या पलीकडे कमलेशचा फोटो स्टुडिओ. मधला रस्ता सरकारच्या दृष्टीनं साधा डांबरी रस्ता होता. अश्विनच्या दृष्टीनं ती सरहद्द होती.

वैर एका थापडेचं होतं. अश्विनच्या बहिणीचं, दामिनीचं, लग्न झालं तेव्हा कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, नवरदेवानं हसून शेला-टोपी द्यायची, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, एवढाच कार्यक्रम असतो. पण मागून पोट्टे ओरडले, "अजून पीळ, अजून पीळ!" अश्विननं अजून पिळला. नवरदेव वीरेंद्र हा चिखल्याच्या खाणीवर ट्रकांचा हिशेब बघणारा माणूस. त्याच्या त्या कानात आठवडाभरापासून फोड आला होता, हे लग्नपत्रिकेत कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्याचा हात आपोआप उठला आणि अश्विनच्या डाव्या गालावर पडला.

जावयावर राग धरण्याची सोय आपल्याकडे नाही. वीरेंद्रला बिचाऱ्याला लगेच पाणी देण्यात आलं, कान फुंकण्यात आला, अश्विनच्या आईनं, जानकीबाईनं, उलट अश्विनलाच माफी मागायला लावली. तिथंच ते मिटलं असतं. पण कमलेश शूटिंग करत होता.

लग्नाची कॅसेट आली (आजकाल पेनड्राइव्ह येतो, पण म्हणतात कॅसेटच) तेव्हा त्यात ती थापड संथ गतीत होती. एकदा समोरून, एकदा बाजूनं, एकदा फक्त गाल. पाठीमागे डोंगरात तोफ उडाल्यासारखा आवाज, आणि शेवटी फुलं पडतात. तेवढा तुकडा कमलेशनं आपल्या स्टुडिओची जाहिरात म्हणून सोडला. तो साकोलीपर्यंत गेला, पवनीपर्यंत गेला, जिथं अश्विनचे नातेवाईक नव्हते तिथंही गेला. तेव्हापासून कोंढ्यात अश्विनला कोणी अश्विन म्हणत नव्हतं. ‘रिप्ले’ म्हणायचे. म्हाताऱ्या बायासुद्धा आधारची झेरॉक्स काढायला येऊन विचारायच्या, "रिप्ले आहे का गा दुकानात?"

अश्विन वर्षभर सूड घेत होता, पण ते सूड असे होते की समोरच्याला पत्ताच लागत नव्हता. कमलेशच्या आधार कार्डाचं लॅमिनेशन करताना त्यानं आत एक मुंगी ठेवली. कमलेशनं ती पाहिली आणि म्हणाला, "अरे वा, नवीन डिझाइन होय का?" कमलेशच्या अंगाला काही चिकटतच नव्हतं. कारण त्याच्या समजुतीप्रमाणे त्यानं अश्विनला फेमस केलं होतं आणि अश्विन मनातल्या मनात त्याचे आभार मानत होता.

मंडईच्या दिवशी दुपारी तोच कमलेश सरहद्द ओलांडून दुकानात आला.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसभर बाजार, दंडारीचा नाच, पाळणे, आणि रात्री नाटक. लेकीजावई माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात. या वर्षी मंडळानं साकोलीच्या सुगतकडून मोठा एलईडी पडदा आणला होता. नाटकाच्या आधी, उजेड असतानाच, गावातल्या दुकानांच्या जाहिराती त्यावर दाखवायच्या होत्या. सगळ्या जाहिराती बनवल्या होत्या कमलेशनं. त्याची स्वतःची जाहिरात अर्थातच सर्वांत मोठी होती आणि तिच्यात काय होतं ते सांगायला नको.

"अश्विन, तुह्याकडे विंडोजवाला लॅपटॉप आहे ना बे?" कमलेश म्हणाला.

"काहून?"

"सुगतचं सॉफ्टवेअर माह्या मॅकवर चालून नाही राहिलं. त्याचा लॅपटॉप येता येता आपटला. तो म्हंते, कोणाचाही विंडोज आण, मी चालवतो. पण जाहिराती तर साऱ्या माह्या मॅकमधी."

"पेनड्राइव्हनं आण."

"फाइल मोठी आहे, पेनड्राइव्ह घेत नाही. नेटनं पाठवावं तर आज नेट कुठचं? सारे पोट्टे पाळण्यावर बसून रील टाकून राहिले."

"हार्डडिस्क?"

"माही डिस्क मॅकवाली. विंडोजले लावली का तो विचारते, फॉरमॅट करू का?"

"मंग नाही म्हण."

"मागच्या वर्षी मी हो म्हटलं होतं."

त्या एका ‘हो’नं एका घरचं अख्खं लग्न पुसलं गेलं होतं. शेवटी नवरानवरीला पुन्हा उभं करून सगळं परत शूट करावं लागलं. तोवर नवरीला सातवा महिना लागला होता, म्हणून त्या अल्बममध्ये अंतरपाट जरा जास्तच खाली धरलेला दिसतो.

"एकच इलाज आहे," अश्विन म्हणाला. त्याचा आवाज डॉक्टरसारखा शांत झाला होता. "दोन्ही मशीनी सरळ एका केबलनं जोडा लागते. इकडून मॅक, तिकडून विंडोज. मधात कोणी नाही."

"जमंल तुले?"

"जमवतो," अश्विन म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या डाव्या गालाला बरं वाटलं.

त्याचा लॅपटॉप जुना, विटेएवढा जाड, म्हणूनच त्याला केबल लावायचं भोक अजून शिल्लक होतं. त्यानं तो बगलेत धरला, खोक्यातून निळ्या केबलचं वेटोळं घेतलं, पकड घेतली आणि रस्ता ओलांडला. कमलेशच्या स्टुडिओत तो दामिनीच्या लग्नानंतर पाऊल ठेवत नव्हता. भिंतीवर त्याच्याच गालाचं पोस्टर लावलेलं होतं. त्यानं त्याच्याकडे पाठ करून बसायची जागा निवडली.

आठ तारा असतात. त्या रंगाप्रमाणे ओळीत लावायच्या, प्लगमध्ये सरकवायच्या, पकडीनं दाबायच्या. अश्विन एकेक तार लावत होता आणि प्रत्येक तारेसोबत मनात कमलेशचा एकेक हिशेब लावत होता. नारिंगी पांढरी: गालाचा क्लोजअप. नारिंगी: तोफेचा आवाज. हिरवी पांढरी: फुलं. फुलांचा राग त्याला सगळ्यात जास्त होता.

"क्रॉस केबल लागंल ना?" कमलेशनं विचारलं. "पवनीचा एक जण म्हणत होता, दोन कॉम्प्युटर जोडाचे तर तारा उलट्या लावा लागते."

"आधी लागत होती. आता मशीनी आपल्या आपण समजून घेते, कोण बोलून राहिलं अन् कोण ऐकून राहिलं."

माणसांमध्ये ही सोय अजून आलेली नाही.

केबलचं एक टोक मॅकमध्ये, एक लॅपटॉपमध्ये. दोन्हीकडे बारीक दिवा लागला. कमलेशनं टाळी वाजवली. "झालं?"

"कुठचं झालं. निस्तं एकमेकांच्या दाराशी उभे आहेत. ओळख नाही. राऊटर असता तर त्यानं दोघांले पत्ते वाटले असते. आता आपणच द्याचे. गल्ली एकच, घर नंबर वेगळा. तुह्या मॅकले एक नंबर, माह्याले दोन."

"माह्याले एक काहून?"

"मॅक आहे ना तुह्याकडे. मान आहे."

कमलेश खूश होऊन चहा सांगायला गेला. अश्विननं दोन्हीकडे आकडे टाकले. तरी लॅपटॉपला मॅक दिसेना. मॅकला लॅपटॉप दिसेना. जुन्या भांडणातले दोन चुलत भाऊ एकाच पंगतीत बसवल्यावर जसे समोर बघतात, तशा दोन्ही मशीनी समोर बघत होत्या. कमलेशनं येऊन केबल काढली, प्लगवर फुंकर मारली आणि परत लावली. ह्याचा काही उपयोग नसतो, पण ते केल्याशिवाय आपल्याकडे कुठलीच वस्तू चालू होत नाही. अश्विननं विंडोजचा फायरवॉल गप्प बसवला, मॅकमध्ये फाइल शेअरिंग सुरू केलं, त्यात विंडोजसाठी वेगळी खूण करायची असते ती केली, आणि म्हणाला, "आता तुह्या मॅकचा पासवर्ड लागंल."

"तिकडे तोंड कर."

अश्विननं पोस्टरकडे तोंड केलं. कमलेश लॅपटॉपवर एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप करू लागला. "के... ए... एम..." पासवर्ड संपला तेव्हा तो अश्विनलाच नव्हे, बाहेर पाणीपुरीवाल्यालाही पाठ झाला होता. त्यात शेवटी ‘हिरो’ होतं.

आणि लॅपटॉपवर मॅक उघडला.

इथं कमलेशला माहीत नसलेली एक गोष्ट होती. केबलवरून मालकाच्या नावानं आत शिरलं की मॅक फक्त ओसरी दाखवत नाही, स्वयंपाकघर, कोठी, पलंगाखालची ट्रंक, सगळं दाखवतो. अश्विनला माहीत होतं. त्यानं चेहरा हलू दिला नाही.

तेवढ्यात मैदानावरून सुगतचा फोन आला, पडद्याच्या मागं बैल बांधलेत, ते हलवायला कोणीतरी पाठवा. पडद्याचं सगळं काम मंडळानं जाहिरातवाला म्हणून कमलेशवरच टाकलं होतं, त्यामुळे तोच निघाला. जाता जाता तो म्हणाला, "‘मंडई’ नावाचं फोल्डर आहे, तेवढं घेजो. बाकी हात नको लावू."

"मी कायले लावतो?" अश्विन म्हणाला आणि दार लागल्याबरोबर बाकीला हात लावला.

त्याला आधी फक्त स्वतःची थापड पुसायची होती. पण ती जाहिरात अखंड एकच फाइल होती, थापड काढली तर जाहिरातच राहत नव्हती. म्हणून तो फिरत राहिला. एका कोपऱ्यात त्याला ‘जीएसटी’ नावाचं फोल्डर सापडलं. आता, जीएसटी नावाचं फोल्डर जगात कोणी उघडत नाही. ज्याला काही लपवायचं असतं तोच हे नाव देतो. अश्विननं उघडलं.

आत लग्नं होती. प्रत्येक फाइलला एकेका नवरीचं नाव. त्यानं पहिली लावली. घोड्यावर नवरदेव, समोर बँड, फटाके. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारल्या. तो कमलेश होता.

अश्विननं दुसरी लावली. वेगळा मंडप, वेगळा घोडा. कमलेश. तिसऱ्या लग्नात घोडा नव्हता, ट्रॅक्टर होता. त्यावर कमलेश, लाजत.

आजकाल फोटोवरून चेहरा बदलून देणारी अ‍ॅप असतात. कमलेशनं गेल्या दोनतीन वर्षांत शूट केलेल्या सगळ्या लग्नांतून नवरदेवाचा चेहरा काढून तिथं आपला बसवला होता. दुसऱ्यांची लग्नं लावता लावता त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं, हे गावाला माहीत होतं. पण रोज संध्याकाळी स्टुडिओचं शटर अर्धं पाडून तो एकटाच घोड्यावर चढत असेल, हे कोणाला माहीत नव्हतं.

अश्विनला त्याची दया आली. खरंच आली. ती साधारण एक शिंक येऊन जाते तेवढा वेळ टिकली.

मग त्याला मैदान दिसलं. पडदा दिसला. कमलेशच्या जाहिरातीची वेळ, मंडळाचा अध्यक्ष माइकवर, "आता पाहूया आपल्या लाडक्या कमलेश स्टुडिओची..." आणि पडद्यावर ट्रॅक्टरवरचा लाजरा कमलेश. पुढचं वर्षभर लोक कमलेशला काय म्हणतील याची त्यानं चारपाच नावंसुद्धा ठरवली.

फक्त एक खात्री करायची होती. आपल्या घरचं लग्न यात नसावं. त्यानं शोधायच्या खिडकीत ‘दामिनी’ टाकलं. एकही फाइल नाही. त्यानं इंग्रजीत टाकून पाहिलं. नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच थोडं वाईटही वाटलं, की कमलेशला एवढ्या लग्नांत आपल्याच घरचं काय नावडलं?

‘मंडई’सोबत ‘जीएसटी’चंही सगळं फोल्डर त्यानं उचललं आणि केबलवरून आपल्याकडे ओढलं. हिरवी पट्टी पुढे सरकत गेली. नेटचा पत्ता नसलेल्या गावात गाड्या भरभरून लग्नं मॅकमधून विंडोजमध्ये उतरत होती, आणि दोन मशीनी, ज्या सकाळपर्यंत एकमेकींच्या डिस्कला हात लावत नव्हत्या, त्या आता अशा वागत होत्या जसं काही लहानपणापासून एकत्र खेळल्या. अश्विननं जाहिरातींच्या यादीतून कमलेशची फाइल काढली, तिच्या जागी सगळी लग्नं ओळीनं लावली, केबल गुंडाळली आणि पोस्टरला पहिल्यांदा डोळे भिडवून बाहेर पडला.

मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे. तिथंच अश्विनचे वडील मोतीलालभाऊ, त्यांच्या बाजूला चिखल्याहून आलेले जावई वीरेंद्र आणि दामिनी. जावयाला उन्हाचा त्रास नको म्हणून मोतीलालभाऊ स्वतः छत्री धरून बसले होते, जरी ऊन उतरून गेलं होतं. सुगतनं अश्विनचा लॅपटॉप पडद्याला लावला. किराणा दुकानाची जाहिरात झाली, खताची झाली, भांड्यांची झाली. कमलेश शर्ट बदलून मंचाच्या बाजूला उभा होता.

"आता पाहूया," अध्यक्ष म्हणाले, "कमलेश स्टुडिओ!"

घोडा आला. बँड आला. मुंडावळ्या बाजूला झाल्या.

आधी लोकांना वाटलं कमलेशनं चोरून लग्न केलं. "कधी केलं बे? जेवण नाही दिलं!" मग दुसरं लग्न आलं. "अबे, दोन दोन?" मग ट्रॅक्टर आला आणि मैदान फुटलं. बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. मागून कोणी ओरडलं, "ते शेरवानी माही होय!" दुसरा म्हणाला, "नाही बे, माही होय!" दोघंही बरोबर होते, कारण ती पवनीच्या एकाच दुकानातली भाड्याची होती.

कमलेश सुगतकडे धावला, पण सुगत हसता हसता खुर्चीवरून खाली गेला होता. अश्विन मैदानाच्या कडेला उभा राहून हे सगळं जिलेबीसारखं हळूहळू खात होता. वर्षभराची प्रत्येक ‘रिप्ले’ हाक त्याच्या कानातून गळून पडत होती.

मग चौथी फाइल लागली. पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली: ‘चि. कमलेश आणि चि. सौ. कां. दीपमाला.’

‘आता ही दीपमाला कोण?’ अश्विननं मजेत विचार केला.

पडद्यावर मंडप आला. मंडपाच्या खांबाशी हिरव्या साडीत त्याची आई उभी होती.

लग्नात नवरदेव तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो. सगळे टाळ्या वाजवतात, आणि महिन्याभरात ते नाव सगळे विसरून जातात. दामिनीच्या सासूनं मोठ्या हौसेनं ‘दीपमाला’ निवडलं होतं. पुढे तीही दामिनीच म्हणू लागली. वीरेंद्र तर सरळ ‘दामू’ म्हणायचा. ते नाव जगात दोनच ठिकाणी उरलं होतं: सासरच्या अल्बमवर, कारण अल्बम सासरी जातो, आणि कमलेशच्या फाइलींवर, कारण कमलेश अल्बमवरचंच नाव फाइलला द्यायचा. सख्खा भाऊ असून अश्विननं बहिणीला माहेरच्या नावानं शोधलं होतं.

तो लॅपटॉपकडे पळाला. पण मंडईच्या गर्दीत फक्त धक्के पळतात, माणूस जागीच राहतो.

पडद्यावर कानपिळी आली. अश्विन हसत पुढे झाला. त्यानं नवरदेवाचा, म्हणजे कमलेशचा, कान धरला. पोट्टे ओरडले. त्यानं अजून पिळला. कमलेशचा हात उठला आणि अश्विनच्या गालावर पडला. समोरून. बाजूनं. फक्त गाल. तोफ. फुलं.

मग एक आवाज आला, "वन्स मोर!"

"थांबवा!" पुढच्या रांगेतून वीरेंद्र उभा राहिला. मोतीलालभाऊंची छत्री कलंडली. जावई रागावले म्हटल्यावर अध्यक्षांनी स्वतः धावत जाऊन पडदा थांबवला. तो नेमका गालावर थांबला.

वीरेंद्र मंचावर चढला. "ते थापड माही आहे!"

"भाऊजी, मी मारली नाही ना," कमलेश हात जोडून म्हणाला. "मी निस्ता चेहरा लावला."

"चेहरा लाव ना तू. घोड्यावर बस, पंगतीत बस, माही काही ना नाही. पण थापड काहून घेतली? पूर्ण लग्नात शेरवानी आईनं ठरवली, पत्रिका काकानं ठरवली, बँड मामानं ठरवला. तेवढी एक थापड मी माह्या मनानं मारली होती!"

"अन् बायको कोणी ठरवली?" खालून दामिनीनं विचारलं.

"ते मंग बोलू," वीरेंद्र म्हणाला.

अश्विन एकदाचा मंचापर्यंत पोहोचला. "भाऊजी, जाऊ द्या ना. बंद करा हे."

"तू थांब साळेबुवा. तुह्या हक्काचं नाही बोलून राहिलो मी."

अध्यक्षांनी माइक हातात घेतला. मंडईत जावयाचं मन दुखवून चालत नाही, आणि गावच्या कलाकारावरही अन्याय होता कामा नये, असं ते म्हणाले. दोन्ही थापडा लोकांनी पाहाव्यात आणि ठरवावं. कमलेशची जाहिरात लॅपटॉपमध्ये होतीच, अश्विननं ती यादीतून काढली होती, पुसली नव्हती. सुगतनं पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे वीरेंद्र, उजवीकडे कमलेश. दोन्ही सोबत सुरू केले.

दोन्हीकडून अश्विनला एकाच वेळी थापड बसली.

लोकांनी हात वर करून मत दिलं. वीरेंद्रची थापड जोरात आहे, पण कमलेशची सफाईदार आहे, असा निकाल लागला. वीरेंद्रला मंडळातर्फे शेला देण्यात आला. त्याचं समाधान झालं. कमलेशचं काय झालं, तर खालच्या गर्दीत साकोलीचे एक गृहस्थ होते, मुलीसाठी स्थळ पाहत होते. त्यांनी कमलेशला घोड्यावर पाहिलं, ट्रॅक्टरवर पाहिलं, वेगवेगळ्या फेट्यांत पाहिलं. "पोरगा नवरदेव म्हणून कसा दिसंल ते आधीच पाह्याले भेटलं," ते म्हणाले. "बाकीचे लोक तर लग्नातच दिसते, तवा उशीर झाला राह्यते." आठवड्याच्या आत पाहणं झालं आणि मुलगी, स्वाती, हो म्हणाली. गावातले बिनलग्नाचे पोट्टे आता आपला चेहरा लावून घ्यायला कमलेशकडे रांग लावतात. कमलेश मिठाई घेऊन रस्ता ओलांडून आला. "तुह्यामुळं झालं भाऊ," तो म्हणाला आणि त्यानं अश्विनला मिठी मारली. अश्विनला ती मिठीही सहन करावी लागली.

घरी तर आणखीनच. जानकीबाई त्या दिवशी पाहुण्यांच्या स्वयंपाकात होती. तिला शेजारणीनं सांगितलं. ती हळदीची वाटी घेऊन दारातच उभी.

"दुसऱ्यांदा मारलं तुले? कोणत्या गालावर?"

"नाही वो माय, मारलं नाही. चेहरा बदलला होता निस्ता."

"चेहरा बदलला?" जानकीबाईनं त्याची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली. "एवढ्या जोराची?"

कोंढ्यात आता कोणी त्याला रिप्ले म्हणत नाही. ‘डबल’ म्हणतात. तो दुकानात बसतो, फॉर्म भरतो, आणि समोर कमलेशच्या दारावर लागणारं लग्नाचं तोरण पाहतो. पहिली थापड त्यानं सोसली होती, ती त्याची होती. पण दुसरी त्याला कधी लागलीच नव्हती, आणि तरी तीच गावानं त्याच्या नावावर चढवली होती. कमलेशला कोणी मारलं नाही, कमलेशनं कोणाला मारलं नाही, आणि तरी मारल्याचा मान कमलेशला. हे डोक्यातून जाईना. शेवटी त्यानं दुसऱ्यांचे अर्ज टाइप करता करता एक स्वतःचाही टाइप केला, दोन प्रती काढल्या आणि पोच घेऊन दिला.

प्रति,
मा. अध्यक्ष, तंटामुक्त गाव समिती, कोंढा.

विषय: थापडेच्या नोंदीत दुरुस्ती करून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, अर्जदार अश्विन मोतीलाल निपाने यास आजपावेतो प्रत्यक्षात एकच थापड लागलेली असून ती नात्याने जावई असलेल्या इसमाची असल्याने तिजबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तथापि सार्वजनिक पडद्यावरील दृश्यामुळे अर्जदाराच्या नावे एकूण दोन थापडा असल्याचे गावात बोलले जाते, जे वस्तुस्थितीस धरून नाही.

सबब, अर्जदारास एकदाच मारण्यात आले असल्याचा दाखला आपल्या सही-शिक्क्यानिशी देण्यात यावा. सदर दुसरी थापड अर्जदाराच्या नावावरून कमी करून ती श्री. कमलेश श्यामराव यांच्या नावे फेरफाराने चढविण्यात यावी, आणि ती त्यांस प्रत्यक्ष पोहोच करण्यासाठी अर्जदारास प्राधिकृत करण्यात यावे. तसेच या अर्जावर अंतिम निर्णय होईपर्यंत श्री. कमलेश यांनी आपला डावा गाल आहे त्या स्थितीत, आहे त्या जागी ठेवावा, त्याचे हस्तांतरण करू नये व तो हळदीच्या कार्यक्रमात झाकू नये, असा अंतरिम आदेश व्हावा, ही नम्र विनंती.